ॲक्सेसमधून लिब्रेऑफिस बेसकडे : बागेच्या हिशोबाची वीस वर्षं कशी हलवावीत?

पऱ्याकाठची | १२ जुलै, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. रत्नागिरीहून पावसला जाताना, पावसच्या अलीकडे आमची हापूसची बाग आहे. ३४० कलमं, थोडी पायरी, कडेला रायवळ. २००४ च्या पावसाळ्यात बाबांनी पुस्तक समोर ठेवून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस २००३ हा डेटाबेसचा प्रोग्राम शिकून घेतला आणि बागेचा सगळा हिशोब त्यात बांधला. तेव्हापासून प्रत्येक कलमाची फवारणी, प्रत्येक तोडणी, वाशीच्या बाजारात गेलेली प्रत्येक पेटी, तिची आलेली पट्टी (अडत्याचा विक्रीचा हिशोब) आणि घरपोच आंबा घेणारी साडेचारशे गिऱ्हाइकं असं सगळं एका एमडीबी फाइलीत आहे. घरातलं दुसरं काहीही हरवलं तरी चालेल, पण ही फाइल जाता कामा नये.

तो संगणक अजून विंडोज ७ वर चालतो. खाऱ्या हवेने त्याचे मागचे स्क्रूसुद्धा गंजलेत. या मोसमात तो दोनदा सुरूच होईना. नव्या लॅपटॉपबरोबर जे ऑफिस आलं त्यात वर्ड आणि एक्सेल आहे, ॲक्सेस नाही. त्यात मोसमात दोन ठिकाणी लिहायचं असतं. मांगरात (बागेतल्या कोठारात) पेट्या भरताना मी लिहिते आणि घरात वहिनी फोनवरच्या ऑर्डरी घेते. दोघी वायफायवरून तीच फाइल उघडतो. एप्रिलमध्ये ऐन गर्दीत वीज गेली आणि फाइल उघडेना. 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' करून ती उघडली, पण त्या सकाळच्या नोंदी गेल्या. त्या पेट्यांवरच्या खडूच्या आकड्यांवरून परत लिहिल्या.

मला बेसवर जायचं आहे, म्हणजे फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमधल्या डेटाबेसच्या प्रोग्रामवर. तक्ते सात आहेत: कलमं, फवारणी, तोडणी, पेट्या, पट्ट्या, गिऱ्हाइकं, ऑर्डरी. क्वेरी (माहिती शोधायचे साठवलेले प्रश्न) २६, फॉर्म ९, रिपोर्ट ११. डिसेंबरात मोहोराची फवारणी सुरू होते, त्याआधी सगळं उभं राहायला हवं. कोणी हा रस्ता चाललं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

भाट्ये_पूल | १२ जुलै, रात्री ११:०५

ताई, सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. हलतात ते फक्त तक्ते. फॉर्म, रिपोर्ट, मॅक्रो आणि त्यांच्यामागे लिहिलेला व्हीबीए कोड यातलं काहीही बेसमध्ये जात नाही. क्वेरींचं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) बघून परत लिहावं लागतं, कारण बोली वेगळी. ॲक्सेसमध्ये शोधताना तारका आणि प्रश्नचिन्ह वापरतात, बाकीकडे टक्का आणि अधोरेखा. ॲक्सेसमध्ये 'होय' म्हणजे उणे एक, बाकीकडे तसं नाही. त्यामुळे काम मोजताना सात तक्ते मोजू नका, फॉर्म आणि रिपोर्ट मिळून वीस पडदे मोजा.

जुनं यंत्र चालू आहे तोवर तीन गोष्टी करून घ्या. ॲक्सेसमध्ये 'डेटाबेस डॉक्युमेंटर' असतो, त्यातून सगळ्या रकान्यांची नावं आणि प्रकार छापून घ्या. प्रत्येक क्वेरी एसक्यूएल रूपात उघडून एका साध्या मजकुराच्या फाइलीत चिकटवा. आणि प्रत्येक फॉर्म उघडा ठेवून त्याचा फोटो काढा, त्यात खरी माहिती भरलेली असताना. रिकाम्या फॉर्मच्या फोटोवरून कुठला रकाना कशासाठी होता ते सहा महिन्यांनी आठवत नाही.

एमडीबीच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा. त्यातली एक घराबाहेर.

हिशोबनीस | १३ जुलै, सकाळी ७:५०

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. चालत्या गाड्याची चाकं का काढायची? आजचं ॲक्सेस २००३ ची एमडीबी फाइल नीट उघडतं. ९७ ची असती तर अडलं असतं. एकच परवाना विकत घ्या. दुसऱ्या यंत्रावर ॲक्सेसचं रनटाइम टाका, ते फुकट मिळतं. त्यात रचना बदलता येत नाही, पण रोजचं लिहिणं होतं. बाबांचे नऊ फॉर्म आहेत तसे राहतील.

लिब्रेऑफिसमध्ये रायटर (वर्डसारखं) आणि कॅल्कवर (एक्सेलसारखं) जेवढी मेहनत होते तेवढी बेसवर होत नाही, हे तो वापरणारा कोणीही सांगेल. वीस वर्षं ज्याने लिहिलं त्याच्या हाताला सवय झालेली असते. ती सवय मोडायची तर कारण मोठं हवं.

पऱ्याकाठची | १३ जुलै, रात्री ८:१५

हिशोबनीस, राग कसला. घरात बाबांचं हेच म्हणणं आहे. पण आता लिहिणारे हात माझे आणि वहिनीचे आहेत. परवाना घेऊनही वायफायवरची एकच फाइल दोघींनी उघडण्याचं दुखणं तसंच राहील. आणि मला रचना बदलायची आहे. घरपोच गिऱ्हाइकं २००४ साली तीस होती, आता विक्रीचा अर्धा भाग त्यांचा आहे. बाबांनी फाइल बांधली तेव्हा सगळा माल वाशीला जायचा, त्यामुळे गिऱ्हाइकांचा तक्ता नंतर जोडलेल्या पडवीसारखा आहे.

भाट्ये_पूल | १३ जुलै, रात्री १०:३०

हे कारण पुरेसं आहे. मग दोन गोष्टी वेगळ्या करा, म्हणजे गोंधळ संपेल: माहिती कुठे राहते आणि आपण ती कुठून बघतो.

बेसमध्ये नवी फाइल केलीत तर तो माहिती त्याच ओडीबी फाइलीत ठेवायला तयार असतो. शिकायला ते बरं, बागेच्या हिशोबाला नको. ती फाइल म्हणजे आतून झिपची पेटी आहे, आणि आतला डेटाबेस काम चालू असताना बराचसा स्मृतीत असतो. नीट बंद केल्यावर पेटीत परत बांधला जातो. मधेच वीज गेली तर काय होईल ते तुम्हाला एप्रिलने दाखवलंच आहे.

माझा सल्ला असा. माहिती पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेस सर्व्हरमध्ये ठेवा. ते फुकट आहे, मांगरातल्या एका यंत्रावर निवांत बसतं. बेसमध्ये त्याला जोडण्याची सोय आधीपासून आहे. घरचा लॅपटॉपही त्यालाच जोडायचा. वायफाय तुटलं तर जी ओळ साठवली नव्हती तेवढीच जाते, बाकीचं हलत नाही. आणि ऐका, ॲक्सेससुद्धा ओडीबीसीमार्फत (डेटाबेस जोडायचा ठरलेला दुवा) पोस्टग्रेसच्या तक्त्यांना जोडता येतं. म्हणजे जुनं यंत्र जिवंत आहे तोवर बाबा त्यांच्या फॉर्ममधून आणि तुम्ही बेसमधून तीच माहिती बघू शकाल. घर बदलताना आधी कोठीतलं धान्य हलवतात, मांडणी नंतर.

एक लक्षात ठेवा. तक्त्याला प्राथमिक की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येईल असा रकाना) नसेल तर बेस तो तक्ता दाखवतो, पण त्यात लिहू देत नाही. बरेच लोक इथे अडतात आणि बेसला दोष देतात.

हर्णै_बंदर | १४ जुलै, दुपारी १:२०

आमचं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामवरून हलवणं झालं, त्यातला एक अनुभव सांगतो, कारण मी त्यात पोळलोय. एका मच्छीमार संस्थेचं सभासदांचं दप्तर होतं, डीबीएफ फाइलींमध्ये. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली फॉक्सप्रो विकत घेतलं, २००७ साली पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं, आणि २०१५ च्या जानेवारीत आधारही संपला. तरी ते चालत होतं म्हणून कोणी हात लावला नाही.

डीबीएफमध्ये नोंद खोडली की ती जात नाही. तिच्यावर फक्त खोडल्याची खूण पडते. 'पॅक' केल्याशिवाय ती फाइलीतच असते. आम्ही हलवताना ती खूण न वाचणारं साधन वापरलं, आणि मयत सभासद परत यादीत आले. सभेची नोटीस छापून वाटली गेली, तेव्हा एका घरातल्या बाईंनी नवऱ्याच्या नावाचा कागद हातात घेऊन येऊन विचारलं, हे काय म्हणून. तो प्रसंग मी विसरलेलो नाही.

तुमचं ॲक्सेस आहे, तिथे खोडलेली नोंद अशी उठत नाही. पण फायद्याची गोष्ट सांगतो: हलवण्याआधी प्रत्येक तक्त्यात किती नोंदी आहेत ते कागदावर लिहा, आणि हलवल्यावर परत मोजा. आम्ही मोजलं असतं तर कळलं असतं. डीबीएफवाल्यांनी मेमो रकान्याची एफपीटी फाइल बरोबर घ्यायला विसरू नये, शेरे सगळे तिच्यात असतात.

मांडवी_ते_मालवण | १४ जुलै, संध्याकाळी ६:४५

ताय, आमचो पण असोच खटाटोप झालेलो, गावच्या ग्रंथालयाच्या यादीचो. तुमचं मराठी युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये ते आधी बघा. आमची यादी जुन्या फॉन्टमधली होती. तिथे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, अक्षरन् अक्षर रूपांतर करावं लागतं, आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. चार हजार पुस्तकांना आम्हाला एक पावसाळा लागला.

पऱ्याकाठची | १४ जुलै, रात्री ९:००

सुदैवाने बाबांनी पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहिलंय. गणपतीपर्यंत तक्ते हलवण्याचं ठरवते. नोंदी मोजून ठेवल्या. फक्त पेट्यांच्या तक्त्यात १९,२८६ ओळी आहेत.

पऱ्याकाठची | २४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

काम झालं, म्हणजे तसं मला वाटतंय. पोस्टग्रेस मांगरातल्या नव्या यंत्रावर बसवलं. ॲक्सेसमधून प्रत्येक तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) करून कॅल्कमध्ये उघडला, साफ केला आणि पुढे चढवला. कॅल्कमध्ये काही तारखा डावीकडे सरकलेल्या मजकुरासारख्या दिसत होत्या, त्या सूत्र लावून तारखा केल्या. पैशांचे रकाने न्यूमेरिक ठेवले, दोन दशांश. नोंदी मोजल्या, सातही तक्त्यांत एक इकडे तिकडे नाही. मग २००५ च्या मोसमापासून प्रत्येक वर्षाच्या पेट्यांची आणि पट्ट्यांच्या रकमेची बेरीज केली आणि बाबांच्या वहीशी लावून बघितली. सगळी वर्षं जुळली. रात्री बाबांना दाखवलं, त्यांनी वही मिटून ठेवली.

एकच शंका आहे. गावांच्या यादीचा क्रम विचित्र लागतोय. तळेरे आधी आणि तवसाळ नंतर येतं. असं का?

वाशिष्ठीकाठ | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

ताई, क्रमाचं नंतर बघू. 'काही तारखा मजकुरासारख्या दिसत होत्या' हे वाचून मी थांबले. मला जरा एक सांगा. कोणत्याही एका वर्षाच्या पेट्या महिन्यावार मोजा. तुमच्याकडे ऑक्टोबर किंवा डिसेंबरात हापूस निघाल्याचं दिसतं का?

पऱ्याकाठची | २४ ऑगस्ट, रात्री ८:५०

दिसतं. हात कापतायत लिहिताना. २०१९ मध्ये ४ ऑक्टोबरला ३८ पेट्या. ५ डिसेंबरला ६१. एप्रिलच्या वहीत ४१२ पेट्या आहेत, इथे २६८ येतात. वर्षाची बेरीज मात्र तंतोतंत.

वाशिष्ठीकाठ | २४ ऑगस्ट, रात्री ९:२०

घाबरू नका, मूळ एमडीबी तुमच्याकडे आहे. काय झालं ते सांगते.

४ ऑक्टोबर म्हणजे तुमची १० एप्रिल. दिवस आणि महिना उलटलेत. कॅल्कने सीएसव्ही वाचताना भाषा अमेरिकन इंग्रजी धरली असणार, आणि तिकडे महिना आधी लिहितात. १०/४ ला त्याने दहावा महिना, चौथा दिवस असं वाचलं. १५/४ आली तेव्हा पंधरावा महिना नसतो म्हणून त्याने ती तारीख मानलीच नाही, मजकूर म्हणून सोडली. त्याच तुम्हाला डावीकडे दिसल्या आणि तुम्ही त्या बरोबर दुरुस्त केल्यात. चूक ज्या तारखांत होती त्या अगदी निटस, उजवीकडे उभ्या होत्या. म्हणून कळलं नाही.

१३ तारखेपासून पुढच्या सगळ्या बरोबर असतील. १ ते १२ मधल्या उलटलेल्या, फक्त ४ एप्रिल, ५ मे अशा सारख्या आकड्यांच्या सोडून. खात्री करायची तर दर महिन्याची ३, ४ आणि ५ तारीख बघा. मार्चच्या चुकलेल्या सगळ्या ३ तारखेला, एप्रिलच्या ४ ला आणि मेच्या ५ ला गोळा झालेल्या असतील. आणि वर्ष बदलत नाही, म्हणून वर्षाची बेरीज जुळणारच.

पऱ्याकाठची | २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

अगदी तसंच आहे. ३, ४ आणि ५. जानेवारीच्या ४ तारखेलासुद्धा पेट्या आहेत, त्या १ एप्रिलच्या.

हे तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं ते इथे आंब्यातल्या माणसांना सांगायला नको. एप्रिलच्या सुरुवातीचा भाव आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यातला भाव यांत केवढं अंतर असतं. कुठल्या कलमाचा आंबा आधी तयार होतो ते आम्ही या तारखांवरूनच ठरवतो. ५ एप्रिलला पहिली तोडणी देणारं कलम मेमध्ये गेलं असतं आणि आम्ही त्याला उशिराचं म्हणून कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून देतात ते औषध) द्यायला निघालो असतो.

आता उलटलेल्या तारखा परत उलटवू का?

वाशिष्ठीकाठ | २४ ऑगस्ट, रात्री १०:२५

नको. उलटवलेलं परत उलटवताना कुठल्या खऱ्या आणि कुठल्या खोट्या ते ठरवावं लागतं. मधे एखादी ओळ हाताने दुरुस्त झाली असेल, तर ५ एप्रिलच्या ओळीत खरी ५ एप्रिल आहे की ४ मेची उलटून आलेली, ते त्या ओळीवरून सांगता येणार नाही. सगळं पुसून मुळातून परत घ्या. ॲक्सेसमध्ये एक क्वेरी लिहा, तिच्यात फॉरमॅट वापरून तारीख वर्ष-महिना-दिवस अशा रूपात मजकूर म्हणून काढा: चार आकडी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस. त्या रूपाचा अर्थ लावण्यात पोस्टग्रेस घसरत नाही. आणि मधे कॅल्क आणूच नका, सीएसव्ही थेट पोस्टग्रेसमध्ये घ्या.

आणखी एक. पेटी क्रमांक ॲक्सेसमध्ये ऑटोनंबर, म्हणजे आपोआप वाढणारा क्रमांक असेल. जुने क्रमांक तसेच चढवलेत तर पोस्टग्रेसचा मोजणारा काटा एकवरच थांबलेला असतो, आणि पहिली नवी पेटी लिहिताना 'हा क्रमांक आधीच आहे' म्हणून अडवतो. काटा शेवटच्या क्रमांकावर आणून ठेवा. हे आत्ताच करा, मार्चमध्ये मांगरात टेम्पो उभा असताना नको.

भाट्ये_पूल | २५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

वाशिष्ठीकाठ यांचं बघणं अचूक आहे. त्यात एवढंच जोडतो की ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्येही हॅशच्या खुणांत लिहिलेली संदिग्ध तारीख अमेरिकन पद्धतीनेच वाचली जाते, विंडोजमध्ये भारतीय मांडणी निवडलेली असली तरी. बाबांच्या क्वेरी पुन्हा लिहिताना तारखांच्या अटी डोळ्यांत तेल घालून बघा.

आता तळेरे आणि तवसाळ. युनिकोडच्या तक्त्यात ळ चा क्रमांक ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी आहे. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली की तळेरे पुढे जातं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर, आणि त्यानंतर क्ष, ज्ञ. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या साधनाचे भाषावार क्रम मिळतात, त्यात मराठीचा आहे. नाव 'एमआर-एक्स-आयसीयू'. गावाच्या आणि नावाच्या रकान्याला तो लावा, यादी शाळेत शिकवली तशी लागेल. हिंदीचा क्रम उचलू नका.

पऱ्याकाठची | ७ सप्टेंबर, रात्री ९:३०

मुळातून परत घेतलं. या वेळी वर्षाची नाही, महिन्याची बेरीज वहीशी लावली. २००५ ते आजपर्यंत, मार्च, एप्रिल, मे. बाबा वहीतून वाचत होते आणि मी पडद्यावरून. दोन रात्री लागल्या. तीन ठिकाणी फरक निघाला, तिन्ही वेळा वहीतला आकडा चुकलेला आणि वाशीची मूळ पट्टी बघितल्यावर ॲक्सेसमधला बरोबर. पट्ट्यांचे गठ्ठे बाबांनी माळ्यावर सुतळीने बांधून ठेवलेत, ते आजवर टाकले नाहीत म्हणून हे ठरवता आलं.

ळ चं कामही झालं. आता तवसाळ आधी आणि तळेरे नंतर.

नवीन अडचण. बागेच्या एका भागाला आम्ही 'पऱ्यावरची' म्हणतो, पऱ्या म्हणजे ओहोळ. त्या भागातली कलमं ५२ आहेत, पण नाव टाकून शोधलं तर ३१ येतात. बाकीच्या २१ ओळींतही नाव तेच दिसतं. मोठं करून बघितलं, काही फरक नाही.

मांडवी_ते_मालवण | ७ सप्टेंबर, रात्री १०:१०

हे आमच्याकडे शेकड्याने निघालं. 'पऱ्या' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडणारी खूण. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला पूर्ण वेगळे शब्द. कळफलक बदलला की लिहिण्याची तऱ्हा बदलते, म्हणून जुन्या आणि नव्या नोंदी वेगळ्या पडतात. 'ॲ' चंही तसंच. एक अख्खं अक्षर असतं आणि एक अ वर चंद्र ठेवून केलेलं. एकच तऱ्हा ठरवा आणि सगळ्या तक्त्यांत शोधून बदला. गिऱ्हाइकांत हा शब्दच बघा ना, त्यातही तोच र आहे.

पऱ्याकाठची | ८ सप्टेंबर, सकाळी ७:००

बरोबर. बदलल्यावर ५२ आले. गिऱ्हाइकांच्या यादीत चौदा नावं दोनदा होती, तीही या एका र मुळे. त्यातल्या एका आजींना गेल्या वर्षी आम्ही 'तुमची नोंद नाही' म्हणून फोनवर सांगितलं होतं. २०११ पासून त्या आमच्याकडून दोन पेट्या घेतात. आज त्यांना फोन करून सांगितलं.

पऱ्याकाठची | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

बरेच दिवसांनी लिहितेय. भातकापणी, मग गवत काढणं. २६ क्वेरींपैकी खऱ्या वापरातल्या नऊ निघाल्या, त्या परत लिहिल्या. एकीत बाबांनी आलेल्या पट्ट्या मोजायला 'होय' ची बेरीज करून तिला उणे चिन्ह लावलं होतं, ते भाट्ये_पूल यांनी आधीच सांगितल्यामुळे लगेच ओळखलं. फॉर्म चार बांधले. रिपोर्ट अकराऐवजी तीन, आणि तेही कॅल्कमध्ये डेटाबेस जोडून, कारण छापायला मला तिथे सोपं जातं.

पण एक मोठी चूक केली ती सांगायला आले आहे. कलमांच्या तक्त्यात 'क्र२' नावाचा एक रकाना होता. त्यात ७, ७.५, ८, ११.२५ असे आकडे. डॉक्युमेंटरच्या छापील कागदावर त्याचं काही वर्णन नव्हतं. कलमाला क्रमांक असताना हा दुसरा कशाला, म्हणून नव्या रचनेत मी तो घेतलाच नाही.

परवा फवारणीचा कागद छापून बाबांना दिला. कलम १, २, ३ अशा क्रमाने. ते कागद घेऊन बागेत गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. म्हणाले, "या कागदाने गडी सगळी बाग तीनदा फिरेल." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. क्रमांक कलम लावल्याच्या वर्षाप्रमाणे आहेत. १२ क्रमांकाचं कलम वरच्या कातळाला आणि १३ खाली पऱ्यावर. क्र२ म्हणजे चालण्याचा क्रम. वरच्या गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) सुरू करून पंपाची नळी न अडकवता खाली पऱ्यापर्यंत कसं उतरायचं, तो रस्ता. मधे नवं कलम लावलं की त्याला ७ आणि ८ च्या मधला ७.५ द्यायचे, म्हणजे बाकीचे आकडे हलवावे लागत नाहीत. वीस वर्षं प्रत्येक कागद त्या क्रमाने छापला जात होता आणि मी तो दर वर्षी हातात धरून चालले, पण क्रम कुठून येतो ते कधी विचारलं नाही.

भाट्ये_पूल | १६ नोव्हेंबर, रात्री १०:००

ताई, तो रकाना एमडीबीत आहे, कलम क्रमांकाला जोडून पाच मिनिटांत परत येईल. या वेळी त्याला 'चालण्याचा क्रम' असं पूर्ण नाव द्या, आणि पोस्टग्रेसमध्ये रकान्यावर टीप लिहून ठेवता येते, तिथे बाबांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहा. बाकीच्या रकान्यांचंही तसंच करा. बाबांशेजारी बसून एकेक रकाना विचारा.

वाशिष्ठीकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा दुकानाचा संगणक, वह्या, बिलांच्या फाइली सगळं गेलं. एक प्रत पुण्याला बहिणीकडे होती, ती तीन आठवडे जुनी. तेवढ्यावर दुकान परत उभं केलं. म्हणून सांगते, रोज रात्री पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे सगळ्या माहितीची प्रत निघेल असं लावून घ्या आणि आठवड्यातून एकदा तो गावाबाहेरच्या माणसाकडे जाऊ दे. नुसता पाठवू नका. महिन्यातून एकदा त्या डंपमधून दुसऱ्या यंत्रावर डेटाबेस परत उभा करून बघा. उघडून न बघितलेली प्रत म्हणजे आढीतल्या तळाच्या आंब्यासारखी, वरून काही कळत नाही. आणि मांगरातल्या यंत्राला यूपीएस घ्या.

हिशोबनीस | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

मी जुलैत बदलू नका म्हणालो होतो. आता म्हणत नाही. पण जुनं यंत्र या मोसमात तरी काढू नका. एक मोसम दोन्हीकडे लिहा, थोडं का होईना.

पऱ्याकाठची | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

हिशोबनीस, जुनं यंत्र ठेवलंय, मीठ लागू नये म्हणून माडीवर नेलं. या मोसमात वाशीच्या पट्ट्या दोन्हीकडे लिहिणार आहोत.

डंप रोज रात्री साडेनऊला निघतो, रविवारी कोल्हापूरला मामेभावाकडे जातो. त्याने परवा तो उघडून पेट्यांची संख्या मला फोनवर वाचून दाखवली. १९,२८६.

गेले तीन आठवडे संध्याकाळी बाबांबरोबर बसून सातही तक्त्यांचे रकाने लिहून काढले. एकूण ८३. त्यातले सहा मला माहीतच नव्हते. 'वा' म्हणजे वाऱ्याची बाजू, फयान वादळाच्या वर्षानंतर घातलेला. 'ह' म्हणजे त्या कलमाला एक वर्षाआड हमखास आंबा येतो.

आज पहिली फवारणी झाली. कागद चालण्याच्या क्रमाने छापला होता. बाबा पुढे, पंप घेऊन दोन गडी मागे, आणि मी लॅपटॉप न घेता नुसता कागद घेऊन. पऱ्याजवळ पोचल्यावर बाबांनी कागद मागितला, ११८ आणि १२१ च्या मधे पेनने एक खूण केली. तिथे गेल्या पावसात लावलेलं रत्ना जातीचं कलम आता धरलंय. त्याला ४६.५ दिला. तो आत्ताच तक्त्यात घालून आले.

ज्यांना रकान्यांवरच्या टिपा कशा लिहायच्या ते हवं असेल त्यांनी इथे विचारा, मी केलेलं एसक्यूएल टाकते.